गच्चीवरच्या प्लेटमध्ये ९४ ठिपके! शहराच्या हवेतले बॅक्टेरिया खरंच आजारी करतात का?

गोठेतली_सून

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. इथल्या लष्कर भागात चिटणीसांच्या गोठेत (गोठ म्हणजे इथली जुनी वस्ती) आमचं जुनं घर आहे. प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून प्लीज पूर्ण वाचा.

मोठी मुलगी बीएस्सीला आहे, मायक्रोबायोलॉजी घेऊन. मॅडमना विचारून तिने कॉलेजातून चार पेट्री डिश आणल्या, त्यात तो अगारचा जेलीसारखा थर असतो ना, त्या. एक गच्चीच्या कठड्यावर ठेवली सकाळी साडेसहाला, म्हणजे बरोब्बर खाली गल्लीत झाडू लागतो तेव्हा. दुसरी त्याच जागी दुपारी दोनला. तिसरी स्वयंपाकघरात ओट्यावर आणि चौथी मधल्या खोलीत कूलरसमोर. प्रत्येक वीस मिनिटं उघडी ठेवली, मग झाकण लावून टेप मारून फडताळात. मे महिना आहे, घरातच ३८ डिग्री, त्यामुळे इनक्युबेटर वेगळा लागलाच नाही.

दोन दिवसांनी सकाळवालीत ९४ ठिपके, दुपारवालीत २१, ओट्यावरचीत ३३, आणि कूलरवालीत तर मोजताच येईना, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं, मधोमध चिकट पसरट डाग. पिवळे, गुलाबी, पांढरे सुरकुतलेले, एक तर हिरवट काळा केसाळ. मला ते बघून रात्रभर झोप नाही. हे सगळं आम्ही श्वासातून आत घेतोय ना?

धाकटा नऊ वर्षांचा आहे, होळीपासून त्याला कोरडा खोकला, रात्री जास्त. तो आजीजवळच झोपतो मधल्या खोलीत. सासूबाईंना पण खोकला आहे पण त्यांचा जुना आहे, दमा म्हणतात. जवळच्या स्वर्णरेखा नाल्याचा वास येतो आणि रस्त्याची धूळ येते म्हणून आम्ही त्या खोलीची खिडकी दोन वर्षांपासून बंदच ठेवलीय, कूलर आतच लावलाय, खिडकीसमोर कपाट सरकवलंय. तरीही कूलरसमोर इतके जंतू कसे? एअर प्युरिफायर घ्यावा का? हे म्हणतात एवढे पैसे घालण्याआधी कुणा जाणकाराला विचार.

पेट्रीडिश

ताई, आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी तीस वर्षं हाच विषय शिकवलाय, आता रिटायर आहे, आणि सकाळ-दुपार अशी तुलना करायची हे प्रत्येकाला स्वतःहून सुचत नाही.

आता घाबरू नका. शहरातल्या साध्या हवेत एका घनमीटरला साधारण दहा हजारापासून दहा लाखापर्यंत बॅक्टेरिया असतात आणि मोठा माणूस दिवसात दहा-बारा घनमीटर हवा आत-बाहेर करतो, म्हणजे तुम्ही आम्ही सगळे जन्मापासून हे घेतच आलोय. यातले बहुतेक मातीतले, झाडांच्या पानांवरचे, आपल्याच कातडीवरचे. पिवळे छोटे गोल ठिपके बहुधा मायक्रोकॉकसचे, त्यांचा तो पिवळा रंग त्यांना उन्हापासून वाचवतो म्हणून उघड्या हवेत ते टिकतात. पांढरे सुरकुतलेले ते बॅसिलस असतील, मातीतले. केसाळ हिरवट काळा तो बॅक्टेरिया नाहीच, बुरशी आहे. एखादा खडूच्या भुकटीसारखा पांढरा ठिपका असेल तर तो स्ट्रेप्टोमायसिस असू शकतो, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो त्याच्याच कुळातल्यांचा. पण झाकण उघडून वास घेऊन बघू नका हं! टेप काढायची नाही, प्लेट तशाच कॉलेजात परत द्या, तिथे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत जंतू मारून, टाकतील.

सकाळी ९४ आणि दुपारी २१ का, तर झाडूने धूळ उठते आणि हवेतले पुष्कळसे बॅक्टेरिया सुटे नसतात, धुळीच्या कणांवर बसून फिरतात. दुपारी ऊन त्यांना मारतं, कोरडेपणा मारतो. १९६०च्या दशकात इंग्लंडात पोर्टन डाऊनला एक प्रयोग झाला होता, कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंवर बॅक्टेरिया चिकटवून काही तंतू बंद डब्यातल्या हवेत आणि काही उघड्या हवेत ठेवले, अंधारातसुद्धा उघड्या हवेतले लवकर मेले. मोकळ्या हवेत काहीतरी आहे जे जंतूंना टिकू देत नाही, त्याला त्यांनी ओपन एअर फॅक्टर असंच नाव दिलं. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो कारण लोकांना उलटंच वाटतं, की बाहेर घाण आणि आत स्वच्छ.

पाश्चरनेही १८६० मध्ये हेच मोजलं होतं एका तऱ्हेने. उकळलेल्या रसाच्या बंद कुप्या घेऊन तो गावाकडे गेला, तिथे वीस उघडल्या त्यातल्या आठ नासल्या, डोंगरावर वीसपैकी पाच, आणि आल्प्समध्ये हिमनदीपाशी वीसपैकी फक्त एक. हवा बदलली की जंतू बदलतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, ही प्लेट सगळं दाखवत नाही. हवेतल्या बॅक्टेरियांतले अगदी थोडे अशा अगारवर वाढतात, साधारण शंभरात एखादा असं आम्ही धरतो. बाकीचे मेलेले तरी असतात किंवा त्यांना हे खाद्य चालत नाही. म्हणजे जास्त ठिपके म्हणजे जास्त आजार असं नाही, आणि ठिपका नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. शिवाय उघड्या प्लेटवर जड कण आधी पडतात. जे अगदी बारीक, पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आतले, फुप्फुसात खोलवर जातात ते तरंगतच राहतात, ते वीस मिनिटांत तुमच्या प्लेटवर फारसे पडायचेच नाहीत.

कूलरचं मात्र तुमचं तुम्हीच पकडलंत. टाकी शेवटची कधी घासली?

गोठेतली_सून

काका खूप धन्यवाद, थोडं हायसं वाटलं. टाकी... खरं सांगायचं तर मार्चमध्ये लावला तेव्हा पाण्याने खंगाळली होती. घास, म्हणजे कूलरच्या जाळीत भरतात ते गवत, मागच्या वर्षीचीच आहे. तुम्ही विचारल्यावर आत्ता जाऊन हात घालून बघितलं, तळाला बोट बुळबुळीत होतंय आणि पंपाच्या जाळीवर तपकिरी थर आहे.

किल्ल्याच्या_पायथ्याशी

वहिनी तो बुळबुळीत थर म्हणजेच बॅक्टेरियांची वस्ती, बायोफिल्म म्हणतात. नुसतं पाणी बदलून जात नाही, ब्रशने घासूनच काढावा लागतो. टाकी रिकामी करा, घासा, ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, घास नवी टाका. आणि दर आठवड्याला एक दिवस कोरडी, डासांच्या अळ्याही त्यातच होतात.

मी सांडपाण्याच्या प्लांटवर काम करतो (कुठल्या ते राहू द्या) म्हणून नाल्याबद्दल थोडं सांगतो. वास म्हणजे जंतू नव्हेत. नाल्याचा तो सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड गॅसचा असतो, तो तळाच्या गाळातले बॅक्टेरिया तयार करतात पण ते स्वतः तिथेच बसलेले असतात. पाणी शांतपणे वाहत असेल तर त्यातून फार जंतू हवेत उडत नाहीत. उडतात ते पाणी खळबळलं की. आमच्याकडे एरेशन टँकमध्ये हवा सोडतात, बुडबुडे फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक थेंब वर फेकतो, त्यात सगळं असतं. म्हणून टँकच्या कठड्यावर मास्क लावूनच जायचं असा नियम आहे, पण काही शे मीटर पुढे गेलात की आकडा उतरत जातो.

तुमच्याकडे खरी पंचाईत दुसरीच असू शकते, नाल्यातला गाळ उपसून काठावर टाकतात, तो मे महिन्यात दोन दिवसांत पापड होतो, त्यावरून गाड्या जातात आणि त्याची धूळ होते. ती धूळ आणि सकाळच्या झाडूची धूळ, याच्यासाठी खिडकी बंद ठेवणं मी समजू शकतो, पण सकाळचे दोन तास. दोन वर्षं नाही.

तुळशीवृंदावन

आमच्याकडे संध्याकाळी कडुनिंबाचा पाला, गुग्गुळ आणि कापूर जाळून सगळ्या घरात धूर करतात, जंतू मरतात. ताईंनी करून बघावं, स्वस्तातलं आहे आणि पिढ्यानपिढ्या चालत आलंय.

पेट्रीडिश

धूप करण्यामागची श्रद्धा मला माहीत आहे, आमच्या आईने आयुष्यभर केला. पण खोकणाऱ्या मुलाच्या खोलीत धूर नको, हे मी हात जोडून सांगतो. कुठलाही धूर म्हणजे पीएम २.५, तोच बारीक कण ज्यासाठी आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठेवलीय आणि डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखं अस्तर असतं, ते सतत कफ वर ढकलत असतं, जंतू आणि धूळ त्याच्याबरोबर बाहेर पडते. धुराने ते अस्तर मंदावतं. म्हणजे हवेतले दोन जंतू मरतीलही, पण आत गेलेल्यांना बाहेर काढणारा रखवालदार झोपतो. धूप करायचाच तर देवघरात, खिडकी उघडून, आणि मुलगा दुसरीकडे असताना करा.

मिलवाल्यांचा_मुलगा

वाचत होतो म्हणून लिहावंसं वाटलं. माझे वडील कापडाच्या मिलमध्ये होते, कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजतात. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी संध्याकाळी घरी येऊन खाटेवर बसायचे, बनियनवर हात ठेवून म्हणायचे छाती आवळतेय. मंगळवारी जरा कमी, शनिवारपर्यंत जवळपास ठीक, पुन्हा सोमवार. आम्हाला वाटायचं कामावर जायचा कंटाळा. आई तर बोलूनही दाखवायची. मिल बंद पडून कितीतरी वर्षं झाल्यावर, माझ्या बहिणीच्या नवऱ्याने (तो फिजिओथेरपिस्ट आहे) सांगितलं की याला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारचं लक्षण ही त्याची ओळखच आहे. कापसाच्या बोंडावर बॅक्टेरिया असतात, ते मेलेले असले तरी त्यांच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ धुळीत राहतो आणि छाती त्याने आवळते असं मानतात. म्हणजे जंतू जिवंत असायलाच पाहिजे असं नाही! त्या प्लेटमध्ये मेलेला जंतू काहीच दाखवणार नाही, तरी धूळ त्रास देणार. बाबा आता नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

पेट्रीडिश

दादा तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. अगदी असंच आहे, एंडोटॉक्सिन उकळूनसुद्धा सहज जात नाही. कापूस, धान्य, कुजलेलं गवत, कंपोस्ट, गटाराचा वाळलेला गाळ, सगळीकडे तेच.

सकाळचा_राउंड

मी छातीच्या ओपीडीत काम करते. वरचं सगळं बरोबर आहे पण मला ताईंच्या पहिल्या पोस्टमधलं एकच वाक्य टोचतंय. "सासूबाईंना पण खोकला आहे पण त्यांचा जुना आहे."

किती जुना? दोन आठवड्यांपेक्षा जास्त? वजन उतरलंय का, संध्याकाळी अंग कोमट लागतं का, रात्री घाम येतो का, पदर भिजतो का? दम्याचं निदान कुणी तपासून केलंय की घरातच म्हणायला लागलात?

हवेतून पसरणाऱ्या बॅक्टेरियांमध्ये आपल्या देशात सगळ्यात जास्त माणसं आजारी पाडतो तो टीबीचा. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. तो नाल्यातून येत नाही, झाडूच्या धुळीतून येत नाही, तो खोकणाऱ्या माणसाकडून येतो आणि बंद खोलीत येतो. खोकल्यातले मोठे थेंब खाली पडतात पण बारीक थेंब हवेतच सुकून एक ते पाच मायक्रॉनचे होतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५०च्या दशकाच्या शेवटी एक प्रयोग झाला होता, टीबीच्या वॉर्डातली हवा पाइपने वर नेऊन गिनिपिगच्या पिंजऱ्यांतून सोडली. गिनिपिगांनी एकाही रुग्णाला बघितलंसुद्धा नव्हतं, तरी त्यांना टीबी झाला. त्याच वॉर्डाची हवा अल्ट्राव्हायोलेट दिव्यातून जाऊन ज्यांना मिळाली त्यांना नाही झाला.

पेट्रीडिश काका, मुलीच्या प्लेटवर टीबीचा जंतू दिसला असता का?

पेट्रीडिश

नाही. दोन दिवसांत तर शक्यच नाही, त्याला अंड्याचं वेगळं माध्यम लागतं आणि दिसायला तीन ते आठ आठवडे. आणि मी ती ओळ वाचूनसुद्धा पुढे गेलो, कूलरकडेच लक्ष राहिलं. तुम्ही थांबवलंत ते फार बरं झालं. ताई, उद्याच घेऊन जा त्यांना.

गोठेतली_सून

हात थरथरतायत लिहिताना. खोकला दिवाळीनंतरचा आहे. आधी थोडा दमा होताच पण हा खोकला दिवाळीनंतरचा. ब्लाउज ढिले झालेत, मागच्या महिन्यात मीच दोन आत घेतले टाके मारून. मला वाटलं वय. उद्या जाते.

सकाळचा_राउंड

जा. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, सीबीनॅट म्हणा त्यांना, दोन तासांचं मशीनचं काम आहे, रिपोर्ट बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सकाळची, खोल खोकून काढलेली थुंकी हवी, लाळ नको. डबी भरताना गच्चीवर किंवा अंगणात बसवा, खोलीत नको. आणि आज रात्रीपासूनच मुलगा दुसऱ्या खोलीत, कपाट बाजूला, खिडकी उघडी. कूलर खिडकीत बसवा म्हणजे बाहेरची हवा आत ओढेल, आणि समोरचं दार उघडं ठेवा म्हणजे आतली हवा बाहेर पडेल. आत ठेवलेला कूलर तीच ती हवा फिरवतो.

किल्ल्याच्या_पायथ्याशी

कपाट हलवायला माणूस हवा असेल तर सांगा वहिनी, मी जवळच कंपू भागात राहतो, दहा मिनिटांत येतो. खरंच सांगतोय.

गोठेतली_सून

बारा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला माफ करा.

सासूबाईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. औषधाला दाद देणारा टीबी आहे म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, सहा महिने घ्यायच्या, एक दिवसही चुकवायचा नाही. निक्षय या सरकारच्या टीबी रुग्णांच्या नोंदणीत नाव लागलंय, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येणार आहेत. आमच्या सगळ्यांची तपासणी झाली. धाकट्याचा एक्सरे स्वच्छ आहे, त्याच्या खोकल्याला डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणाले, धूळ आणि त्या कूलरची, पण जवळ झोपायचा म्हणून टीबी होऊ नये यासाठीच्या गोळ्या त्याला पण दिल्यात. कूलर घासला, नवी घास घातली, आता खिडकीत आहे. या भाऊंनी येऊन कपाट हलवलं, चहासुद्धा न घेता गेले. कपाटामागे खिडकीच्या चौकटीत चिमणीचं जुनं घरटं निघालं.

एक विचारायचं होतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी स्वतःचं ताट आणि पेला उचलून वेगळा ठेवला, कुणी काही म्हटलेलं नसताना. त्यांच्या लहानपणी त्यांच्या काकूला असंच वेगळं ठेवलं होतं म्हणे, मागच्या खोलीत, खिडकी बंद करून. मी पेला परत इतरांच्यात ठेवते, त्या परत काढून ठेवतात. खरंच भांडी वेगळी लागतात का?

सकाळचा_राउंड

अजिबात नाही. टीबी भांड्यातून, कपड्यातून, जेवणातून पसरत नाही, हवेतूनच पसरतो. औषध नीट सुरू झालं की बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका खूपच कमी होतो. तोवर तोंडावर रुमाल किंवा मास्क, उघडी खिडकी, आणि दिवसा गच्चीच्या सावलीत खुर्ची टाकून बसू द्या त्यांना, मोकळ्या हवेत, सकाळचा झाडू झाल्यावर. पेला सगळ्यांच्या पेल्यांबरोबरच घासा, त्यांच्या डोळ्यांसमोर.

गोठेतली_सून

आज दुपारी तसंच केलं. त्या ओट्याजवळ उभ्या राहून बघत होत्या. मुलीने तेवढ्यात विचारलं की कूलरसमोर नवी प्लेट ठेवू का, मॅडम परत द्यायला तयार आहेत. काका, यावेळी दहा मिनिटं ठेवू की वीसच, तुलना करायची तर?

पेट्रीडिश

वीसच. वेळ, जागा, उंची सगळं पहिल्यासारखं. आणि एक प्लेट न उघडता तशीच शेजारी ठेवायला सांगा, म्हणजे ठिपके हवेतूनच आले की नाही ते कळेल, मागच्या वेळी ती राहिली होती.